हिंगणघाटला थांबलेला मोजणीदार

भिवापूर तालुक्यात काय, किंवा शेजारच्या उमरेड, समुद्रपूर, चिमूर भागात काय, शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालणारे भांडण बहुधा धुऱ्याचे असते. पावसाळ्यात धुरा खचतो, नांगराचा फाळ दरसाल चार बोटे पुढे सरकतो, आणि एक दिवस सख्खे चुलतभाऊ तहसीलच्या पायऱ्या चढतात. मग मोजणीचा अर्ज जातो. पूर्वी मोजणीदार शंकू-साखळी नाहीतर फलकयंत्र घेऊन येत, आणि दोन्हीकडची माणसे साखळी कुणी किती ताणली यावर डोळे लावून बसत. आता काठीच्या टोकावर ताटलीएवढे यंत्र बसवलेला माणूस येतो. त्याला रोव्हर म्हणतात. काठी जमिनीवर टेकवली, ओळंब्यात धरली, की काही सेकंदांत ती जागा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे याचे आकडे हातातल्या पडद्यावर उमटतात.

हे आकडे आभाळातून येतात एवढे आता सर्वांना माहीत आहे. आपल्या खिशातला फोनही उपग्रहांकडूनच जागा विचारतो. पण तो चार-पाच मीटरने सहज चुकतो. रस्ता शोधायला तेवढे चालते, धुऱ्याला चालत नाही. चुकण्याचे कारणही साधे आहे. उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांच्याकडून निघालेली लहर पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे असते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात फूटभराची चूक होते. त्यात घड्याळे किंचित पुढेमागे असतात, उपग्रह ठरल्या वाटेवरून थोडे ढळलेले असतात, आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना लहर रेंगाळते. हा थर मध्य भारतावर, दुपारनंतर विशेषच, फार त्रास देतो. खाली टिनाची छपरे आणि आंब्याची झाडे आहेतच.

यावर तोड अशी निघाली. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमची संदर्भ केंद्रे बसवली आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात. केंद्राची जागा आधीच अत्यंत काळजीपूर्वक ठरवलेली असते. तेच उपग्रह त्या केंद्रालाही जागा सांगतात, ती किती चुकीची आहे हे केंद्राला लगेच कळते, आणि ती चूक मोबाइलच्या जाळ्यावरून त्याच क्षणी शेतातल्या रोव्हरला कळवली जाते. रोव्हरवरचेही आभाळ तेच, म्हणून चूकही जवळपास तीच; ती वजा केली की मीटरची चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. बारकावा एवढाच, की त्यासाठी रोव्हर लहरीवरचा संदेश ऐकून थांबत नाही, सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या त्या लहरीच मोजतो.

जी जागा पक्की ठाऊक आहे तिथे उभे राहायचे, आपली चूक आधी मोजायची, ती वजा करायची आणि मगच पुढे पाऊल टाकायचे. हा धडा अख्ख्या हिंदुस्थानच्या मापावर ज्या माणसाने गिरवला, तो भिवापूरपासून सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, हिंगणघाटात, दोनशे वर्षांपासून चिरविश्रांती घेत आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळ क्रॉस्बी ग्रेंज येथे त्याचा जन्म झाला. साल १७५३ च्या सुमाराचे. नक्की कुणालाच सांगता येत नाही. जगाची जागा सेकंदाच्या अंशापर्यंत ठरवणाऱ्या माणसाच्या जन्मतारखेचा पत्ता नसावा ही मोठी गंमतच. घरची स्थिती बेताची. पण पोराला गणिताची गोडी होती, आणि त्याला चार्ल्स हटनसारखा नामांकित गणिती गुरू लाभला. पुढे तो पलटणीत शिरला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेला, आणि १७८१ साली यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रे ठेवली तेव्हा कैद झाला. सुटल्यावर कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक भागात त्याची सुमारे तेरा वर्षे गेली. तिथे तो बराकींची व्यवस्था पाही आणि नव्याने वसायला आलेल्यांच्या जमिनी मोजून देई. म्हणजे सुरुवात धुऱ्यापासूनच झाली म्हणायची. तिथेच सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे आपल्याकडे आजीबाईसुद्धा सांगतात. पण खगोलाच्या वेडापुढे शहाणपण चालत नाही. उरलेले सारे आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून काढायचे होते आणि डोळा एकच होता.

१७९६ च्या सुमारास आपल्या तेहतीस नंबरच्या पलटणीबरोबर तो हिंदुस्थानकडे निघाला. वय चाळिशीपलीकडे, हुद्दा किरकोळ. पलटणीचा कर्नल मात्र आर्थर वेलस्ली होता. पुढे १८०३ साली आडगाव आणि गाविलगडला नागपूरकर भोसल्यांचा पराभव करणारा तोच हा वेलस्ली. टिपूवरच्या १७९९ च्या मोहिमेत एका रात्री सेनापती बेअर्ड फौज घेऊन अंधारात चालला होता. लॅम्बटनने आभाळाकडे पाहिले आणि त्याच्या लक्षात आले की, आपण दक्षिणेकडे नव्हे, उत्तरेकडे, थेट शत्रूच्या तळावर चाललो आहोत. सेनापतीचा आधी विश्वास बसेना. होकायंत्र काढून पाहिले तेव्हा तारे खरे ठरले.

श्रीरंगपट्टण पडले आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा मुलूख इंग्रजांच्या हाताखाली आला. मुलूख हाती आला की त्याचे माप हवे असते, सारा वसूल करायला आणि फौज हलवायला. कंपनी सरकार काही विज्ञानाच्या प्रेमात पडले नव्हते. लॅम्बटनची भूक मात्र निराळी होती. त्याने मांडलेल्या योजनेत मुलखाच्या नकाशाआड एक मोठा प्रश्न दडलेला होता: पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे? उत्तर-दक्षिण रेषेवर एका अंशाचे अंतर वेगवेगळ्या ठिकाणी किती भरते, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नव्हते, आणि विषुववृत्ताजवळची मापे जगाकडे फार थोडी होती. वेलस्लीने शब्द टाकला, मंजुरी मिळाली. मद्रासच्या हिशेब तपासणाऱ्या एका अधिकाऱ्याला मात्र हे कधीच पटले नाही. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, त्यासाठी एवढा खर्च कशाला, असा त्याचा सवाल होता. प्रत्येक काळात असा एक हिशेबनीस असतोच.

आता यंत्रे हवीत. शंभर फुटी पोलादी साखळी आणि डोक्यावरच्या ताऱ्यांचे कोन घेणारे मोठे यंत्र कलकत्त्याला मिळाले. ही दोन्ही मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी इंग्रज वकिलातीने नेलेली, तिथे नाकारली गेलेली आणि एका विद्वानाच्या पदरी पडलेली. कोन मोजण्याचे महायंत्र, थिओडोलाइट, लंडनला विल्यम कॅरीकडून घडवून घेतले. वजन अर्धा टन, वर्तुळ तीन फूट व्यासाचे, उचलायला बारा माणसे. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पेटी उघडल्यावर आत तोफ नाही, शास्त्राचे यंत्र आहे असे दिसले, तेव्हा तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. युद्ध चालू असताना!

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली. हा दिवस आज राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभारायचे, त्यांच्यावर आणखी पुढचे. म्हणजे सगळी इमारत त्या पहिल्या बाजूवर. तिथे वीतभर चुकले तर पाचशे मैलांवर काय होईल?

म्हणून साडेसात मैलांची ती एक रेषा मोजायला सत्तावन्न दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवायची, खाली आधार, वर तंबूची सावली, शेजारी उष्णतामापक. साखळी तापली की लांबते. शंभर फूट पोलाद एका फॅरेनहाइट अंशाने इंचाच्या हजार भागांपैकी सात भाग वाढते; ऐकायला नगण्य. पण त्या रेषेवर साखळी सुमारे चारशे वेळा पडणार होती, आणि एका अंशाचा गोंधळ चारशेपट होऊन तीन इंचांवर गेला असता. मद्रासचा एप्रिल-मे महिना, सकाळ-दुपारच्या तापमानात किती अंशांचा फरक! म्हणून प्रत्येक पडीला उष्णता लिहून घ्यायची, आणि ज्या साखळीने मोजले ती झिजली का, ताणली का, हे पाहायला दुसरी साखळी जपून ठेवायची. कॉर्स केंद्र रोव्हरसाठी जे करते, तेच ती दुसरी साखळी पहिलीसाठी करत होती.

तिथून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे निघाली. १८०४ साली बंगळूरजवळ पोहोचल्यावर लॅम्बटनने माळेतल्या एका बाजूची लांबी गणिताने काढली, आणि मग तीच बाजू जमिनीवर साखळीने पुन्हा मोजवली. लांबी सात मैलांवर. दोन्ही आकड्यांत फरक आला पावणेचार इंचांच्या आत. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वात मोठा क्षण हाच. दुसऱ्या कुणाला खोटे पाडण्यापेक्षा स्वतःला खोटे पाडण्याची सोय आधी करून ठेवायची, हे फार थोड्यांना जमते. माळ मंगळूरला टेकली तेव्हा एका किनाऱ्यापासून दुसरा किनारा ४०० मैल मानला जाई, तो ३६० मैलच निघाला. चाळीस मैलांचा मुलूख केवळ कागदावरच होता.

इथे जरा थांबून आपल्या धुऱ्याकडे वळले पाहिजे. कारण दोन-तीन सेंटिमीटर अचूकतेचा रोव्हर आला, आता वाद संपले, असा समज झपाट्याने पसरतो आहे. रोव्हर फक्त काठी कुठे टेकली ते सांगतो. धुरा कुठे असायला हवा, हे मात्र जुन्या गावनकाशावरूनच ठरते. नकाशा मैलाला सोळा इंच या प्रमाणावरचा असेल तर त्यावरच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेषेखाली जमिनीवरचे दोन मीटर झाकले जातात. कागद फुगतो, आकसतो, घड्यांवर फाटतो. आजोबांच्या वेळची खुणेची दगडे कुणी गोठ्यात नेली असतील तर आणखीच पंचाईत. आभाळातला आकडा आणि कागदावरची रेषा यांचा मेळ घालायचा तर गावात आजही जागच्या जागी असलेली जुनी चिन्हे, तिमाशीचा दगड, विहीर, देवळाचा कोपरा, शोधून त्यांवर आधी काठी टेकवावी लागते आणि फरक पाहावा लागतो. जो मोजणीदार हे टाळून थेट धुऱ्यावर जातो, त्याचे यंत्र कितीही महाग असो, त्याने बंगळूरची परीक्षा दिलेली नाही. अर्जदाराने त्याला तेवढे विचारायला हरकत नसावी.

लॅम्बटनची माळ आता दक्षिणोत्तर वळली होती. १८०८ साली तंजावरच्या सपाट मुलखात उंच जागा मिळेना, म्हणून महायंत्र बृहदीश्वराच्या देवळावर चढवायचे ठरले. दोर तुटला आणि अर्धा टनाचे ओझे भिंतीवर आदळले. तीन फुटी वर्तुळ वाकडे झाले. ज्याच्या गोलाईवर सगळे कोन अवलंबून, तेच गोल राहिले नाही. दुसऱ्या कुणी विलायतेला पत्र लिहिले असते आणि दोन वर्षे हातावर हात ठेवून काढली असती. लॅम्बटनने यंत्र खोलले, तंबूत स्वतःला कोंडून घेतले, आणि सहा आठवडे पाचर, स्क्रू आणि कप्प्यांनी ओढून-ताणून ते वर्तुळ केसाकेसाने मूळ आकारात आणले. त्याच यंत्राने पुढे कित्येक वर्षे काम दिले.

या कामात गोरे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मद्रासच्या मोजणीशाळेतून आलेली मिश्र वंशाची पोरे, आणि झेंडेवाले, खलाशी, हमाल, तंबूवाले, डोंगरावरची झाडे तोडणारे असे शेकडो देशी लोक यांच्या जिवावर ते चालले. जंगलातल्या तापाने त्यांतले कितीतरी गेले. त्यांची नावे त्रिकोणांच्या कोणत्याच टोकावर लिहिलेली नाहीत. गावोगाव संशयही असे. दुर्बिणीतून माणसे उलटी दिसतात ही वार्ता पसरली की बायामाणसांवरून भलतेच बोलले जाई. लॅम्बटन स्वतः अबोल, साधा, आपल्या माणसांना सांभाळून घेणारा. एका हिंदी स्त्रीपासून त्याला मुले होती आणि परत विलायतेला जाण्याचा विचार त्याने केलेला दिसत नाही.

एक चूक मात्र त्याच्या सगळ्या काळजीला पुरून उरली. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना उभी रेषा ओळंब्यावरून घ्यावी लागते. बंगळूरच्या बाजूला त्याला असे दिसले की, जमिनीवरची मापे आणि ताऱ्यांचे अक्षांश जुळत नाहीत. पुन्हा मोजले, तरी तेच. तेव्हा जमिनीच्या पोटात काही जड धातू-खनिज असावे आणि ते ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावे, असा तर्क त्याने केला. ओळंबा, ज्यावर गवंड्यापासून ज्योतिषापर्यंत साऱ्यांचा भरवसा, तोच किंचित वाकडा! पुढे वऱ्हाडात टाकळखेड्याला उत्तरेकडच्या डोंगरांची हीच ओढ हिशेबात घ्यावी लागली. ही भानगड आजही संपलेली नाही. उपग्रह उंची सांगतो ती एका गुळगुळीत, काल्पनिक अंडाकृतीपासून. पाणी मात्र पृथ्वीच्या ओढीप्रमाणे वाहते. आपल्या भागात या दोन उंचींत पन्नास मीटरहून अधिक फरक आहे, आणि तो जागोजाग थोडा थोडा बदलतो. गोसीखुर्दच्या कालव्यासारखे काम करताना रोव्हरचा आकडा तसाच धरून चालत नाही, त्याला ओळंब्याच्या जगात आणावे लागते.

१८०९ पर्यंत दक्षिण टोक गाठले गेले, १८१५ साली बीदरजवळ दमरगिड्ड्याला नवी पायारेषा मोजून झाली. आठ अंशांपासून अठरा अंशांपर्यंतची सलग मोजणी जगापुढे आली. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. मद्रासच्या हिशेबनिसांपेक्षा परक्या देशांतल्या शास्त्रज्ञांनाच त्याची किंमत आधी कळली. १८१८ साली काम कलकत्त्याच्या सरकारकडे गेले, त्याला महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे भारदस्त नाव मिळाले, आणि हाताखाली एक तरुण, तापट, हुशार अधिकारी आला: जॉर्ज एव्हरेस्ट. लॅम्बटनच्या देखरेखीत तोवर आणि पुढे मिळून १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांनी बांधला गेला.

माळ वऱ्हाडात शिरली तशी हैदराबादेतली कचेरी दूर पडू लागली. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरला इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सचा अंमल होता. तेव्हा बिऱ्हाड नागपूरला हलवायचे ठरले. वय सत्तरीला टेकलेले, छातीत क्षय शिरलेला, खोकला थांबत नव्हता. १८२२ च्या अखेरीस तो हैदराबादहून निघाला. बैल, तंबू, पेट्या, कागदांची बाडे यांचा तांडा गोदावरी आणि वर्धा ओलांडून थंडीच्या दिवसांत वणेच्या काठी हिंगणघाटला आला. नागपूर तीन-चार मजलांवर राहिले होते. जानेवारी १८२३ मध्ये तिथेच त्याने प्राण सोडला. एव्हरेस्ट तेव्हा जवळ नव्हता. दुसऱ्या माळेच्या कामावर लांब गेला होता. पोहोचवायला होते ते सोबतचे मदतनीस आणि तांड्यातली माणसे. नागपूरची ती कचेरी लॅम्बटनने पाहिलीच नाही.

एव्हरेस्टने साखळी उचलली. सिरोंजजवळच्या कल्याणपूरवरून माळ पुढे नेत त्याने १८४१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी ती पुरी केली. कन्याकुमारीपासून सुमारे २४०० किलोमीटर. त्या मापांवरून काढलेला पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्याच नावाने ओळखला गेला, आणि आपल्या देशाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे त्यावर काढले गेले. आता उपग्रहांसाठी जगाने दुसरा आकार स्वीकारला आहे, म्हणून जुन्या नकाशावरची जागा रोव्हरवर आणताना मध्ये रूपांतर करावे लागते. जगातल्या सर्वोच्च शिखरालाही १८६५ साली एव्हरेस्टचेच नाव लागले. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटातली कबर आली. नागपूरहून तिथे जायला आज दीड-दोन तास पुरतात.